परमुलखातील मोगरा : ओळख, जोपासना आणि सावधगिरी

मोगरा हे ऑलिव्हच्या, म्हणजे ओलिएसी कुळातील सदाहरित झुडूप असून त्याचे शास्त्रीय नाव जास्मिनम साम्बॅक असे आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत तुळस आणि कढीपत्ता यांच्या खालोखाल जपले जाणारे झाड बहुधा हेच असेल. मात्र कुंडीत लावलेला मोगरा पहिल्या किंवा दुसऱ्या हिवाळ्यात दगावतो आणि वसंतात नवे रोप विकत आणले जाते, हा क्रमही अनेक घरांच्या परिचयाचा आहे. झाड दगावते ते बहुतेक वेळा दुर्लक्षाने नव्हे, अतिकाळजीने. थंडीच्या दिवसांत मंद प्रकाशात ठेवलेल्या झाडाला उन्हाळ्याइतकेच पाणी घातले जाते. गारठलेल्या मातीत मुळे कुजतात, पाने पिवळी पडतात, आणि पाने पिवळी दिसली म्हणून आणखी पाणी घातले जाते. मोगऱ्याची वाढ आणि त्याचे फुलणे कशाने ठरते हे एकदा ध्यानात आले की ही साखळी सहज तोडता येते.

नाव आणि प्रवास

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५३ साली मोगऱ्याला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने हे झाड पारिजातकाच्या प्रजातीत, निक्टँथिसमध्ये घातले होते. १७८९ साली विल्यम एटन याने ते जास्मिनममध्ये आणले आणि तेच नाव आज रूढ आहे. लिनियसची चूक फारशी मोठी नव्हती, कारण पारिजातक आजही मोगऱ्याच्याच कुळात गणला जातो. रोपवाटिकांत मात्र मोगरा 'अरेबियन जास्मिन' या नावाने विकला जातो. हे झाड मूळचे अरबस्तानातले नाही. त्याचे उगमस्थान दक्षिण आशियाच्या परिसरातले मानले जाते. अरब व्यापारामार्गे पश्चिमेकडे गेल्यामुळे त्याला हे नाव चिकटले. अरबीत त्याला 'फुल्ल' म्हणतात, आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडील जाझान प्रांतात व येमेनमध्ये लग्नसमारंभात त्याच्या माळा आजही आपल्याकडच्या गजऱ्याच्याच हौसेने माळल्या जातात.

युरोपातील त्याचा एक प्रवास तर थेट कोकणपट्टीशी जोडलेला आहे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याच्या बागेत सतराव्या शतकाच्या अखेरीस दाट पाकळ्यांचा मोगरा आला. तो पोर्तुगीजांमार्फत गोव्याहून आल्याचे सांगितले जाते. फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लो येथील मेदिची उद्यानात त्याच्यासाठी बांधलेले हरितगृह आजही 'मुगेरिनी'चे हरितगृह म्हणूनच ओळखले जाते. इटालियन भाषेतील 'मुगेरिनो' आणि ब्राझीलच्या पोर्तुगीज बोलीतील 'बोगारी' या दोन्ही शब्दांत 'मोगरा' सहज ऐकू येतो. अमेरिकेतील रोपवाटिकांत 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' या भारदस्त नावाने जो दुहेरी मोगरा विकला जातो, तो अशा रीतीने आपल्याच ओळखीचा निघतो.

पूर्वेकडेही हे फूल तितकेच मानाचे आहे. फिलिपिन्सने १९३४ साली 'साम्पागिता' या नावाने त्याला राष्ट्रीय फूल ठरवले, तर इंडोनेशियाने १९९० मध्ये आपल्या तीन राष्ट्रीय फुलांत त्याला स्थान दिले. हवाई बेटांवर त्याला 'पिकाके' म्हणजे मोर म्हणतात, कारण तेथील राजकन्या काइउलानी हिला मोर आणि मोगरा दोन्ही प्रिय होते. चीनमध्ये जास्मिन चहाला जो सुगंध येतो तो मोगऱ्याचाच. तेथे मिटलेल्या कळ्या दुपारी तोडून रात्री चहाच्या पानांत मिसळतात. कळी उमलत असताना सुटणारा गंध कोरडी पाने शोषून घेतात आणि सकाळी फुले वेगळी काढली जातात. या पद्धतीत मोगऱ्याचा एक महत्त्वाचा गुण दडलेला आहे. गुलाबाप्रमाणे त्याचा गंध कळीत साठवलेला नसतो. तो उमलण्याच्या क्रियेबरोबर तयार होत जातो. म्हणूनच पहाटे तोडलेल्या कळ्यांचा गजरा संध्याकाळी दरवळतो.

'जास्मिन' म्हणजे काय आणि काय नव्हे

परदेशात मोगरा शोधणाऱ्याची पहिली अडचण नावाची असते. मराठीत मोगरा, जाई, जुई, कुंद ही वेगवेगळी नावे आहेत; इंग्रजीत या सगळ्यांना 'जास्मिन' म्हणतात. तेवढ्यावर भागले असते तर ठीक होते. परंतु ज्यांचा या प्रजातीशी काहीही संबंध नाही अशा डझनभर वनस्पतींनाही तेच नाव दिले गेले आहे. आपला अनंत तेथे 'केप जास्मिन' होतो, तगर 'क्रेप जास्मिन', कुंती 'ऑरेंज जास्मिन', आणि रातराणी 'नाइट ब्लूमिंग जास्मिन'. पारिजातकालाही जवळपास रातराणीसारखेच नाव असल्याने गोंधळात भरच पडते. 'मादागास्कर जास्मिन' ही तर रुईच्या कुळातील वेल आहे.

या गोंधळात सर्वांत मोठा धोका 'कॅरोलिना जेसमिन' या वेलीचा आहे. जेल्सेमियम सेम्परव्हायरेन्स हे तिचे शास्त्रीय नाव. अमेरिकेच्या आग्नेय भागात ती रानोमाळ वाढते, कुंपणावर आवडीने चढवली जाते, आणि दक्षिण कॅरोलिनाचे ते राज्यपुष्प आहे. फुले पिवळीधमक, कर्ण्याच्या आकाराची आणि सुवासिक असतात. तिचे प्रत्येक अंग विषारी आहे. कुचल्याच्या विषाशी नाते सांगणारी अल्कलॉइडे तिच्यात असतात. हनिसकलची फुले समजून तिच्या फुलांतील मध चोखल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. नाव ऐकून ही फुले देवघरात किंवा मुलींच्या वेणीत येऊ शकतात, चहात टाकली जाऊ शकतात, म्हणून मराठी घरांनी याबाबत विशेष दक्ष राहणे आवश्यक आहे. सुवासिक फुलांची पिवळी 'जास्मिन' वेल दिसली तर ती खात्री होईपर्यंत विषारीच समजावी. अमेरिकेत अशी शंका आल्यास विषबाधा मदत केंद्राचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ हा चोवीस तास उपलब्ध असतो. रातराणीही विषारी असून तिची पांढरी फळे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

कॅलिफोर्नियात आणि इंग्लंडमध्ये घरोघरी दिसणारी 'स्टार जास्मिन' ही वेल धोकादायक नाही, पण ती मोगराही नव्हे. तिच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका दिशेला वळलेल्या असतात आणि पान तोडताच पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला त्रासदायक ठरू शकतो. खऱ्या जास्मिनम प्रजातीत चीक नसतो, आणि रोपवाटिकेत उभ्या उभ्या करता येण्याजोगी ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

खऱ्या भावंडांतला फरक पानांवरून कळतो. मोगऱ्याचे पान साधे, एकेरी, रुंद आणि चकचकीत असते. ती समोरासमोर जोडीने, क्वचित तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. जाईचे पान मात्र पिसासारखे संयुक्त असते, त्यात पाच ते अकरा पर्णिका असतात आणि कळीच्या बाहेरच्या अंगावर गुलाबी छटा दिसते. हिंदीत यालाच चमेली म्हणतात, आणि मराठीतही ही दोन नावे प्रदेशागणिक अदलाबदल करताना आढळतात. जुईच्या पानात एक मोठी पर्णिका आणि तिच्या बुडाशी कानांसारख्या दोन इवल्या पर्णिका असतात. तिच्या शास्त्रीय नावातील 'ऑरिक्युलेटम' हा शब्द या कानांवरूनच आला आहे. इंग्लंडच्या दुकानांत हिवाळ्याच्या शेवटी तारेच्या कड्यावर चढवलेली, गुलाबी कळ्यांनी लगडलेली जी वेल मिळते ती पॉलिअँथम नावाची चिनी जाती होय. तिला कळ्या धरण्यासाठी गारवा लागतो, म्हणजे मोगऱ्याच्या नेमके उलट. तेथेच उघड्या फांद्यांवर भर थंडीत पिवळी फुले धरणारी 'विंटर जास्मिन' खऱ्या प्रजातीतली आहे, पण तिला वास नाही.

मोगऱ्याच्या जाती

पाकळ्यांच्या संख्येवरून मोगऱ्याचे ढोबळ तीन प्रकार पडतात. परदेशी रोपवाटिकांत एकेरी वा कमी पाकळ्यांच्या, गोलसर फुलांच्या प्रकाराला 'मेड ऑफ ऑर्लीन्स' म्हणतात. लांबट पाकळ्यांच्या निमदुहेरी प्रकाराला 'बेल ऑफ इंडिया' असे नाव आहे. गुलाबाच्या लहानशा कळीसारख्या, दाट पाकळ्यांच्या प्रकाराला उपरोक्त 'ग्रँड ड्यूक' म्हणतात. आपल्याकडचा बटमोगरा किंवा हजारी मोगरा याच्या जवळचा. मदनबाण, बटमोगरा, हजारी ही नावे गावोगावी वेगवेगळ्या झाडांना लावली जातात, त्यामुळे नावांची तंतोतंत जुळवणी करण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

प्रथमच लावणाऱ्याने 'मेड ऑफ ऑर्लीन्स' घ्यावा. तो जोमदार, झुडपी आणि क्षमाशील आहे, भराभर नवी फूट काढतो आणि मोसमात पुन्हा पुन्हा फुलतो. 'ग्रँड ड्यूक' दिसायला राजस, पण वाढीला मंद आहे. त्याच्या जाड, ताठ फांद्यांना फुटवे कमी येतात. त्याला पहिली पसंती देणाऱ्यांच्याच पदरी बहुधा निराशा येते. गजऱ्याची हौस असेल तर 'बेल ऑफ इंडिया' उत्तम, मात्र ती लांब फांद्या टाकत पसरते आणि तिला आधार लागतो. ज्ञानदेवांच्या अभंगातला मोगरा वेल आहे, ही केवळ कविकल्पना नव्हे. मोगरा मुळात अर्धवट चढणारे झुडूप आहे, आणि छाटणी न केल्यास तो वेलीसारखाच वागतो.

झाड फुलते कसे

मोगऱ्याच्या फुलण्याचा एकच मूलभूत नियम आहे: कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. नवी फांदी पानांच्या काही जोड्या काढते आणि मग तिचा शेंडा कळ्यांच्या लहानशा झुबक्यात संपतो. या झुबक्यात बहुधा तीन कळ्या असतात आणि त्यांतली मधली आधी उमलते. फुले गळून गेल्यावर त्या फांदीच्या खालच्या पेरांतून नवे फुटवे निघतात आणि त्यांच्या टोकाला पुढचा बहर येतो. म्हणजे जुनी फांदी कितीही जपली तरी ती स्वतः पुन्हा फुलत नाही. फुटवे जितके अधिक, तितक्या कळ्या अधिक.

भारतातील मोगऱ्याची व्यापारी शेती याच नियमावर उभी आहे. पालघर जिल्ह्यातील जव्हार परिसरातून मुंबईच्या दादर बाजारात येणारा मोगरा असो वा २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मदुराईची मल्ली, बहर धरण्याची रीत सारखीच असते. पावसाळा संपल्यावर पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो. मग हिवाळ्यात झाडे जमिनीपासून साधारण दीड फुटावर छाटली जातात. त्यानंतर खत आणि पाणी सुरू केले की नवी फूट एकदम येते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बहर लागतो. तोडणी पहाटे, कळ्या पूर्ण भरलेल्या पण मिटलेल्या असताना होते.

घरच्या कुंडीतही फुले वाळताच फांदी पानांच्या एक-दोन जोड्यांपर्यंत खुडावी. अनेकांचा हात येथे अडखळतो. इतक्या कष्टाने वाढवलेल्या फांदीला कात्री लावणे जिवावर येते, आणि परिणामी झाड दोन-तीन लांबलचक काठ्यांच्या रूपात खिडकीशी उभे राहते, टोकाला चार पाने घेऊन. असे झाड जगते, पण फुलत नाही.

दुसरी अट प्रकाशाची. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवसही सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. लंडनमध्ये डिसेंबरातला दिवस ८ तासांहूनही लहान आणि जूनमधला साडेसोळा तासांचा असतो. न्यूयॉर्कमध्ये हेच प्रमाण सुमारे सव्वानऊ आणि १५ तास असे आहे. शिवाय हिवाळ्यात उत्तरेकडे सूर्य क्षितिजाच्या इतका जवळून फिरतो की उन्हाचे बळच उरत नाही. याचा अर्थ असा की इंग्लंडच्या उन्हाळ्यात मोगऱ्याला मायदेशीपेक्षाही अधिक तास प्रकाश मिळतो, तर हिवाळ्यात तो जवळजवळ उपाशी असतो. म्हणून झाडाच्या वर्षाचे दोन वेगळे भाग मानावेत आणि दोहोंत त्याला वेगळे वागवावे. वर्षभर एकच दिनक्रम ठेवणे हेच बहुतेक अपयशांचे मूळ आहे.

वर्षाचे वेळापत्रक

अमेरिकी कृषी खात्याच्या शीतसहिष्णुता नकाशावर, ज्याची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, मोगरा ९ ते ११ या विभागांत जमिनीत लावता येतो. नवव्या विभागात, म्हणजे जेथे वर्षातील नीचतम तापमान उणे ७ ते उणे १ अंश सेल्सिअसच्या दरम्यान उतरते तेथे, कडक थंडीत वरचा भाग करपू शकतो. दक्षिण फ्लोरिडा, किनारी दक्षिण कॅलिफोर्निया आणि सॅन फ्रान्सिस्को उपसागराचा बराचसा परिसर मोगऱ्याला मानवतो. न्यूजर्सी, शिकागो, टोरंटो, लंडन येथे मात्र कुंडीला पर्याय नाही.

अशा थंड प्रदेशात रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरू लागले की कुंडी घरात घ्यावी. आत घेण्यापूर्वी पानांची खालची बाजू नीट पाहून पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी, कारण उन्हाळ्यात अंगावर आलेल्या किडीला घरात शत्रूच नसतो. जागा दक्षिणाभिमुख खिडकीची असावी. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये उत्तराभिमुख खिडकीची. काचेपासून हातभर आत सरकले तरी प्रकाश झपाट्याने घटतो. खिडकी अपुरी असेल तर पूर्ण वर्णपटाचा एलईडी वनस्पतिदिवा दिवसातून १२ ते १४ तास लावावा. उष्णतावाहक नळ्या किंवा गरम हवेच्या झरोक्यापासून कुंडी दूर ठेवावी.

हिवाळ्यात खत पूर्ण बंद करावे. पाणी बोट पेरभर मातीत खुपसून कोरडे लागले तरच द्यावे, आणि बशीत साचू देऊ नये. काही पाने गळतील; त्याने घाबरून जाऊ नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडली असता आत हिरवी दिसली तर झाड जिवंत आहे.

भारतातल्या छाटणीचे महिने येथे चालत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात छाटले तर मंद प्रकाशात पांढुरकी, लांबट, दुबळी फूट येते आणि झाडाचा शिल्लक साठा वाया जातो. उत्तर गोलार्धातील थंड प्रदेशात छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये, दिवस वाढू लागल्यावर करावी. त्याच वेळी गरज असल्यास कुंडी बदलावी, पण पूर्वीपेक्षा एकाच मापाने मोठी. मोगऱ्याला मुळे थोडी आवळलेली चालतात. अवाढव्य कुंडीतली न वापरलेली माती ओली राहून आंबते.

अखेरचे दहिवर पडून गेल्यावर, न्यूजर्सीसारख्या ठिकाणी मेच्या मध्यानंतर, झाड बाहेर काढावे. मात्र एकदम भर उन्हात ठेवू नये. आठ-दहा दिवस आधी सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असे सरावाने न्यावे. नाहीतर पाने करपून पांढरी पडतात. यानंतर दिवसाकाठी किमान सहा तास ऊन मिळाले तर जून ते सप्टेंबर फुलांचे चक्र चालू राहते.

आखाती देशांतील गणित याच्या उलटे आहे. तेथे हिवाळा हाच मोगऱ्याचा सुखाचा काळ, आणि जून ते ऑगस्ट त्याला दुपारच्या उन्हापासून व तापलेल्या फरशीपासून वाचवावे लागते. काळी प्लॅस्टिकची कुंडी टाळावी, कारण त्यात मुळे अक्षरशः शिजतात. पांढरी किंवा मातीची बरी. तेथील माती आणि पाण्यातील क्षारांमुळे कुंडीच्या कडांना पांढरा थर जमतो. अधूनमधून भरपूर पाणी ओतून ते तळातून वाहू द्यावे, म्हणजे क्षार धुऊन जातात.

माती, पाणी, खत

मोगऱ्याला किंचित आम्लधर्मी ते उदासीन, भुसभुशीत, निचऱ्याची माती लागते. बाजारातील कुंडीमिश्रणात चौथा हिस्सा परलाइट किंवा झाडाच्या सालीचे बारीक तुकडे मिसळले तर निचरा सुधारतो. बागेतली चिकण माती कुंडीत भरू नये. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचे नळाचे पाणी चुनखडीमुळे जड असते. अशा पाण्याने हळूहळू मातीची अल्कता वाढते आणि लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. पावसाचे पाणी साठवून वापरणे हा तेथील सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पाने पिवळी पडणे म्हणजे एकच रोग नव्हे. कोणते पान आणि कसे पिवळे पडले ते पाहावे. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता. त्यावर चिलेटेड लोह द्यावे. जुनी पाने सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी पडते आहे. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियम. येथे आणि येथेच एप्सम सॉल्टचा उपयोग होतो. माती ओली असूनही पाने मलूल होऊन पिवळी पडत असतील तर मुळे कुजली आहेत, आणि तेव्हा कोणतेही खत देणे म्हणजे आजाऱ्याला पक्वान्न वाढण्यासारखे आहे.

वाढीच्या काळात दर दोन आठवड्यांनी संतुलित द्रवरूप खत अर्ध्या मात्रेत पुरे. खताच्या वेष्टनावरील तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे असतात. हिरवळीचे, म्हणजे भरपूर नत्राचे खत दिले तर पाने काळीभोर होतात आणि कळ्या दिसत नाहीत. ताक, चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, अंड्याची टरफले असे घरगुती उपाय आंतरजालावर फार लोकप्रिय आहेत. बंद घरातील कुंडीत त्यांनी फुले वाढण्यापेक्षा बुरशी आणि चिलटे वाढण्याचीच शक्यता अधिक.

कीड

हिवाळ्यात तापवलेल्या घरांची हवा कोरडी असते आणि ती कोळ्यांना फार मानवते. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालच्या बाजूस तलम जाळे दिसले तर ते कोळीच. पाने दर आठवड्याला धुणे आणि बागकामासाठीचा कीटकनाशक साबण पानांच्या खालून फवारणे एवढ्याने बहुधा निभावते. पिठ्या ढेकूण स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावेत. बाहेर ठेवलेल्या झाडाच्या कळ्या जांभळट होऊन न उमलताच गळू लागल्या तर उष्ण प्रदेशात, विशेषतः फ्लोरिडा व हवाई येथे, कळीत शिरलेल्या इवल्या माशीच्या अळ्यांचा संशय घ्यावा. अशा कळ्या मातीत पडू न देता गोळा करून पिशवीत बंद करून टाकाव्यात, कारण अळ्या मातीतच कोश करतात. उमललेले फूल दुसऱ्या दिवशी जांभळट होते ते मात्र केवळ वयाने.

सामानातून रोप आणण्याविषयी

आईच्या अंगणातल्या मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत आणण्याचा मोह स्वाभाविक आहे, पण तो कायद्याच्या दृष्टीने महाग पडू शकतो. अमेरिकेत वनस्पतीबरोबर माती आणण्यास मनाई आहे. विशेष निर्बंध नसलेल्या जातींची १२ पर्यंत रोपे परवान्याशिवाय आणता येतात, पण त्यासाठी निर्यातदार देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र असावे लागते, मुळे मातीविरहित असावी लागतात आणि विमानतळावर ती घोषित करावी लागतात. विशिष्ट जाती आणि देशांना निराळ्या अटी असू शकतात, त्यामुळे प्रवासापूर्वी चौकशी करणे अगत्याचे आहे. ब्रिटनमध्येही भारतातून येणाऱ्या रोपाला असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि ऑस्ट्रेलियाचे नियम तर सर्वांत कडक समजले जातात. न सांगता आणलेले रोप सापडले तर ते नष्ट होतेच, शिवाय दंडही होतो.

हे नियम निव्वळ कागदी नाहीत. लिंबूवर्गीय फळबागा उद्ध्वस्त करणारा 'सिट्रस ग्रीनिंग' हा रोग ज्या तुडतुड्यासारख्या किडीमुळे पसरतो, ती कुंती आणि कढीपत्ता या दोन्ही झाडांवर वाढते. म्हणूनच फ्लोरिडा, टेक्सास आणि कॅलिफोर्नियाच्या प्रतिबंधित भागांतून ही झाडे हलवण्यावर निर्बंध आहेत. मोगऱ्याची सर्व प्रमुख रूपे अमेरिकेत कायदेशीररीत्या विकत मिळतात, तेव्हा हा धोका पत्करण्याचे कारणही उरत नाही.

एका झाडाची अनेक झाडे

मोगऱ्याला, विशेषतः दुहेरी जातींना, बी क्वचितच धरते. त्यामुळे जगभरातील बागांत शतकानुशतके कलमानेच त्याचा प्रसार झाला आहे, आणि शेजाऱ्याकडून मिळालेली फांदी म्हणजे शब्दशः तेच झाड असते. घरी सर्वांत खात्रीची पद्धत दाब कलमाची. जून-जुलैत एखादी लवचीक फांदी वाकवून तिच्या एका पेराखाली सालीला हलकी चीर द्यावी, ते पेर शेजारच्या लहान कुंडीतील मातीत दाबून वर दगड ठेवावा आणि माती ओलसर राखावी. मूळ झाडाचे पोषण चालू असल्याने हे कलम सहसा फसत नाही. मुळे धरल्यावर ते कापून वेगळे करावे.

छाट कलमासाठी न फुललेल्या, अर्धवट जून फांदीचे १० ते १५ सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत. खालची पाने काढावीत, वरची अर्धी कापावीत, तुकडे परलाइट मिसळलेल्या ओलसर मातीत खोचून वर पारदर्शक पिशवी घालावी. उबदार, पण थेट ऊन नसलेल्या जागी चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात. पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या खुडून टाकल्या तर झाड दाट होते.

फुले गजऱ्यासाठी हवी असतील तर सकाळी भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र झालेल्या कळ्या तोडाव्यात. हिरवट कळी तोडल्यावर उमलत नाही. कळ्या ओलसर मलमलीत सैल गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, मात्र फळांपासून दूर, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने त्या लवकर कोमेजतात. समारंभाच्या दोन-तीन तास आधी बाहेर काढून ओवल्या की संध्याकाळपर्यंत उमलतात.